तीन रशियन रायफली आणि सामाईक विहीर

मी, दमयंती शामकांत निघोजकर, वय एकसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार निघोजकर मळा, सुप्याजवळ, तालुका पारनेर, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. ती तशी नाही असे म्हणणारा मनुष्य एकच असून तो याच घरात राहतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण निकड वाटली नव्हती. आता वाटते. का, ते चौथ्या कलमात आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी ते आधी वाचावे.

१. माझे यजमान कै. कॅप्टन डॉ. शामकांत यांच्या पश्चात मळ्यातील घर व भोवतालची जमीन माझ्या नावावर आहे. आम्हांला मूल नाही. घर व जमीन माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा नृसिंह यास मिळावी. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले आणि त्याला मी वाढवले. तो तापट आहे, आळशी नाही. जमिनीबरोबर सामाईक विहिरीतील निम्मा हक्क त्याच्याकडे जाईल. उरलेला निम्मा शेजारी बन्सी याचा आहे आणि होता. आमचा हक्क निम्म्याहून अधिक कधीही नव्हता, हे नृसिंहाने इंजिनाच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावे.

२. पोस्टातील शिल्लक, माझ्या बांगड्या व शिवणयंत्र नृसिंहाची पत्नी विजया हिला द्यावे. पैसे तिच्या नावाने, तिच्या सहीने निघावेत. नृसिंहाने "मीच आणून देतो" म्हणून पोस्टात जाऊ नये.

माझ्या जाऊबाईंच्या, म्हणजे नृसिंहाच्या आईच्या, माहेरच्या मंडळींना काही देऊ नये. मी सायकलवरून कॉलेजात जाते म्हणून आमच्या घराशी सोयरीक करायला यांनीच नाके मुरडली होती. पितळी घंगाळ ते आधीच घेऊन गेले आहेत. ते परत मागू नये, मात्र कोणी नेले हे विसरूही नये.

रसायनशास्त्राची पुस्तके ज्या मुलीला वाचायची असतील तिला द्यावीत. मुलगा मागायला आला तर त्याला आधी दोन प्रश्न विचारावेत.

३. माझ्याकडे परवान्यावर तीन रायफली आहेत. तिन्ही सोव्हिएत, गेल्या महायुद्धातील, दर गोळीला हाताने बोल्ट ओढण्याच्या.

पहिली यजमानांनी इराणातून आणली. रशियाला जाणारे सामान ज्या रस्त्याने जाई त्यावरील इस्पितळात ते होते. एका रशियन ड्रायव्हरचा पाय त्यांनी कापण्यापासून वाचवला आणि तो ही मागे ठेवून गेला. आपल्या वरिष्ठांना त्याने काय सांगितले असेल, कोण जाणे. दस्त्यावर त्याने चाकूने स्वतःच्या नावाची दोन अक्षरे कोरली आहेत. दुसरी इटलीतून परतलेल्या एका सुभेदारांच्या विधवेकडून भिंगारला घेतली. ती रशियनांकडून जर्मनांनी घेतली होती आणि जर्मनांकडून आपल्या लोकांनी. तिसरी सत्तेचाळीस साली सामान विकून निघालेल्या एका इंग्रज मेजरची.

लोक मला विचारतात, यांत जपण्यासारखे काय? उत्तर एकदाच लिहिते. लढाई संपल्यावर रशियनांनी अशा रायफली कारखान्यात नेऊन सुट्या केल्या, एकीचा बोल्ट दुसरीला बसवला, जुने क्रमांक खोडून नवे ठोकले आणि लाकडाला नवे रोगण दिले. माझ्या तिघी त्या कारखान्यात गेल्या नाहीत. नळी, बोल्ट व दस्त्याची पट्टी यांवर एकच क्रमांक आहे. शत्रू दाराशी असताना घाईत कातलेल्या लोखंडावरचे ओरखडे तसेच आहेत. ज्या स्थितीत त्या माणसांच्या हातून सुटल्या त्या स्थितीत मी त्या थांबवून ठेवल्या. दुरुस्ती कोणालाही येते. थांबवणे अवघड आहे. त्याला कोरडे फडके, मऊ ब्रश, पेटीत ओल शोषायला कळीच्या चुन्याची पुरचुंडी आणि हात आवरण्याची सवय लागते. बासष्टच्या लढाईनंतर एका गृहस्थांनी चिनी कार्बाइन रशियन म्हणून माझ्या गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. तिच्यावर चिनी अक्षरे होती. मी त्यांना चहा दिला आणि कार्बाइनसकट वाटेला लावले.

तिसऱ्या रायफलीबद्दल नीट वाचावे. ती तिघींत सर्वांत नवी दिसते. काळा रंग शाबूत, लाकूड झिजलेले नाही. कारण ती फार वापरलीच गेली नाही. तिच्या नळीत मध्यावर एक गोळी अडकलेली आहे. काडतुसात दारू कमी भरली गेली असावी. गोळी सुटली पण बाहेर पडली नाही. टोकाकडून लाकडी काडी घातली की अर्ध्यावर थांबते. अशा नळीत मागून दुसरी गोळी झाडली तर नळी फाटते आणि बोल्ट मागे उडतो. मागे झाडणाऱ्याचा चेहरा असतो.

छावणीतील एका कारागिराने ती गोळी ठोकून काढून देतो म्हटले होते. मी नको म्हणाले. त्या गोळीसकटच ती रायफल खरी आहे. मी चापाला तांबड्या दोऱ्याने "झाडू नये" अशी चिठ्ठी बांधली होती. जिल्ह्यात या मापाची गोळी कोणाकडे नव्हती, त्यामुळे तेवढे पुरत होते. पण आता सैन्यात रशियन रणगाडे आले आहेत आणि त्यांवरच्या मशीनगनला हीच गोळी लागते.

४. यंदाच्या खंडेनवमीला मी दाढ काढण्यासाठी नगरला गेले होते. शस्त्रपूजा करायची म्हणून नृसिंहाने पेटी उघडली. तिन्ही रायफली रॉकेलने पुसल्या, विटकरीच्या भुकटीने घासल्या, वर खोबरेल चोळले. "देवापुढे चिंध्या कशाला" म्हणून तिसरीच्या चापाची चिठ्ठी दोऱ्यासकट तोडून टाकली. मी परतले तेव्हा तिघी पाटावर, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून बसवल्या होत्या. जनावरांना चारा नसलेल्या वर्षी याला झेंडू कुठे मिळाला, हे मला अजून कळलेले नाही.

"काकू, बघा! नव्या नवरीसारख्या दिसतात की नाही?"

"नवरीला विटकरीने घासतात का रे?"

"तुम्ही म्हणजे कमाल करता. रायफल काय लोणच्याची बरणी आहे, दादरा बांधून ठेवायला? हत्यार आहे. त्याचा मान ठेवला." मग त्याने तिसरी उचलून खांद्याला लावून पाहिली. "ही तर कोरी करकरीत आहे. इतके दिवस सांगितलं नाहीत!"

त्या दिवशी मी फक्त गेलेल्या रंगाचा विचार करत होते. त्याने ती कशी धरली याचा करायला हवा होता.

पाऊस नाही. विहिरीत पाणी तळाला आहे. पाळी ठरलेली आहे, ती बन्सीने मोडली हे खरे. आमच्याकडूनही मोडली गेली, हेही खरे. मागच्या आठवड्यात बन्सीची बायको मालनबाई मागच्या दाराने आली. बसली नाही.

"बाई, तुमाला सांगाया नको हुतं. पन नरसिंगराव काल बांधावर आमच्या मालकाला म्हनले, आता पाळी मोडली तर रायफल बोलंल. मालक हसले. म्हनले, ती बाईंची शोभेची काठी हाय, तिच्यात दारू न्हाई. तर त्यांनी खिशातनं काडतूस काढून दावलं. लई चमकत हुतं, बाई."

दुसऱ्या दिवशी विजयाने धुवायच्या कोटातून तसलेच एक काडतूस काढून माझ्यापुढे ठेवले. बुडाला बाहेर आलेली कड होती. माप ओळखायला मला भिंग लागले नाही. ते कुठून आले मला ठाऊक नाही, म्हणून कोणाचेही नाव लिहीत नाही. नृसिंहाला विचारले तर म्हणाला, "शोभेला." ते मी परत दिले नाही, पण आणखी किती आहेत ते त्याने सांगितले नाही.

तेव्हापासून माझी स्थिती अशी होती. तिसरी रायफल फुटेल हे मी त्याला पटवून दिले, तर तो उरलेल्या दोघींतली एक उचलणार आणि बन्सी मरणार. गप्प राहिले, तर ज्याला मी वाढवले तो मरणार.

आमचे शेजारी, निवृत्त तलाठी काकासाहेब यांनी सरळ विचारले, "बाई, तिन्ही चौकीत जमा का करत नाही?" मी म्हणाले, तिथे ओलीत पडतील, कोणीतरी तेलात बुडवील, दस्त्यावर खिळ्याने बिल्ला ठोकील. काकासाहेब म्हणाले, "तुम्ही लाकूड वाचवताय की माणूस?" मी म्हणाले, "दोन्ही." हे उत्तर मी आज देणार नाही.

आज सकाळी मी कानस घेतली. पहिलीचा बोल्ट उघडून काडतुसावर आपटणारी पिन बाहेर काढली आणि तिचे टोक घासून सपाट केले. मग दुसरीचे. दिसायला दोघी होत्या तशाच आहेत, पण आता त्यांच्याने चिमणीही मरणार नाही. तिसरीवर मात्र कानस ठेवून उचलली. पहिल्या दोन निकामी झाल्यावर नृसिंहाला खरे सांगायला अडचण नव्हती, तेवढ्याने भागेल असे मी स्वतःला समजावले, आणि तिला पेटीत परत ठेवले.

जेवताना सांगितले.

"नृसिंह, तिसरीच्या नळीत गोळी अडकलेली आहे. झाडलीस तर बन्सी नाही, तू जाशील."

तो भाकरी कुस्करत राहिला. "काकू, आधी म्हणालात गोळी मिळत नाही. मिळाली. मग म्हणालात परवाना तुमचा आहे, माझा नाही. आज म्हणता फुटेल. उद्या म्हणाल ती रायफलच नाही, बांबू आहे."

विजयाला हसू आले. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि हसू गेले.

"लाकडी काडी देते. स्वतः घालून बघ."

"तुमच्या काड्या तुम्हीच घाला," असे म्हणून तो हात धुवायला उठला. बत्तीस वर्षांच्या माणसाला याहून अधिक कसे सांगतात ते मला येत नाही. पेटीला कुलूप आहे. किल्ली माझ्या कनवटीला असते, पण खंडेनवमीलाही ती तिथेच होती.

५. रायफलींची व्यवस्था. माझ्या मृत्यूनंतर कायद्याप्रमाणे त्या प्रथम चौकीत जमा कराव्यात व पुढे जे सरकारमान्य संग्रहालय खालील अटी लिहून मान्य करील त्यास विनामूल्य द्याव्यात. लाकडाला तेल, रोगण, मेण लावू नये. धातू घासू नये. दस्त्यावरची अक्षरे भरू नयेत. तिसरीच्या नळीतली गोळी काढू नये. काचेच्या कपाटावर तसे स्पष्ट लिहावे. नृसिंहाचा या तिघींवर कोणताही हक्क नाही. या कामी काकासाहेबांनी व्यवस्थापक म्हणून लक्ष घालावे. संग्रहालयवाल्यांनी त्यांना चहावर बोळवले तर त्यांनी पुन्हा जावे.

ओळख पटण्यासाठी नळीवरचे क्रमांक देत आहे. पहिली, ४१७०. दुसरी, ८८२६. तिसरी

तिसरीचा क्रमांक वाचण्यासाठी मी आत्ता पेटी उघडली. कुलूप लावलेले होते. तिसरी पेटीत नाही.

साक्षीसाठी काकासाहेब व त्यांच्या पत्नी भागूबाई इथे बसले आहेत. आमचा गडी छगन ओसरीवर होता. त्याला विचारले.

"मालक मघाशीच विहिरीकडं गेल्ते, बाई. हातात लांब पोतं हुतं. मला वाटलं, पाइप हाय."

"मघाशी म्हणजे केव्हा?"

"बन्सीनं इंजान सुरू केलं तवा. आज पाळी आपली हाय ना."

छगनला पळत पाठवले आहे. नृसिंहाला काही समजावत बसू नको, फक्त इंजिन बंद कर आणि बन्सीला घरी ने, असे सांगितले आहे. भांडण पाण्याचे आहे. पाणी थांबले तर कदाचित हातही थांबेल. विजयाने दारातून सगळे ऐकले आणि तीही गेली. मला गुडघे पळू देत नाहीत आणि काकासाहेबांना दमा. मी काठी घेऊन निघते आहे. त्याआधी एक कलम घातलेच पाहिजे. ते सर्व मृत्युपत्रांत असते आणि मी ते विसरले होते.

६. नृसिंह माझ्याआधी मृत झाल्यास कलम एकमधील घर, जमीन व विहिरीतील निम्मा हक्क त्याची पत्नी विजया हिला मिळावा. हे कलम तिला ठाऊक नाही. ती अनवाणी बांधाकडे धावत गेली आहे.

इंजिनाचा आवाज आत्ता थांबला.

सही
दमयंती शामकांत निघोजकर

वरील सर्व मजकूर बाईंनी लिहिला. शेवटचा भाग त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत लिहिला, आमच्यासमोर सही केली व पेनाचे टोपण न लावता त्या विहिरीकडे निघाल्या. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या आहेत. आम्हीही त्यांच्या मागे जात आहोत.

साक्षीदार
१. काकासाहेब गणपत शेळके, निवृत्त तलाठी (सही)
२. सौ. भागूबाई काकासाहेब शेळके (सही)

स्थळ : निघोजकर मळा, सुप्याजवळ, तालुका पारनेर
दिनांक : ७ डिसेंबर १९७२, गुरुवार