जिराफाच्या मानेचं पाणमांजर

३ डिसेंबर, नाशिक

सापडली! माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, अगदी तळाशी. पाचवीतली नेचर स्टडीची वही. पिंपळाचं जाळीदार पान अजून चिकटलेलं. आणि शेवटी माझं पाणमांजर! सोमेश्वरजवळ नदीच्या वरच्या डोहात, दिवेलागणीला पाहिलेलं. पाण्याबाहेर काळं डोकं आणि मान. बुडालं, लांब जाऊन वर आलं, तोंडात मासा.

चित्रात लांबलचक मान आणि ठळक मिशा. त्यावर आमच्या वर्गाच्या सिस्टर बेनिटांची लाल फुली. शेरा — ‘फॉल्स.’ खाली पालकांच्या सहीसाठी आखलेली रेघ. कोरी. बाबांची नदीवर जायला सक्त मनाई, वही दाखवणार कशी? हरवली म्हणून सांगितलं.

ललित तेव्हा तिसरीत. सिस्टरनी त्याला वर्गातून बोलावलं. तू होतास ना बरोबर? माझा धाकटा भाऊ म्हणाला, ‘मला नाही काही दिसलं.’ दिवसभर बाकावर उभी होते मी.

४ डिसेंबर

ललितला फोन केला. ‘ताई, जिराफाच्या मानेचं ते पाणमांजर अजून जिवंत आहे?’ त्रेपन्न वर्षं हाच विनोद! घरात कुणी थाप मारली की पोरंसुद्धा ‘पाणमांजर!’ म्हणून ओरडतात.

जानेवारीत तो मुलीकडे कॅनडाला चाललाय. कायमचा. म्हटलं, त्याआधी खरं पाणमांजर बघायचं, आणि तू बरोबर हवास. कोकणात खाडीवर दिसतात, कयाक भाड्याने मिळते.

‘तुझे गुडघे?’

‘कयाकमध्ये बसायचंच असतं.’

‘बरं, तिकिटं काढतो.’

१० डिसेंबर, मालवणजवळ

कयाकवाल्या वत्सलाबाई. घरामागेच खाडी, माडाला टेकवलेल्या चार कयाक. सकाळी सातला येतो म्हटलं तर हसल्या. ‘घड्याळ ठेवा पिशयेत. पाणी उतराक लागला की येवा.’ ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा पाणमांजर येतं म्हणे, मासे खायला.

जड माणूस मागे बसतो. ललित मागे बसला. मी ऐटीत पुढे!

११ डिसेंबर

पाणमांजर नाही. पण किती काय पाहिलं! कांदळवनाच्या मुळांवर चढणारे मासे — हो, चढणारे! समुद्रगरुडाची जोडी. एक खंड्या इतका जवळ की चोचीवरचं पाणी दिसलं. हा चिखल असा का वाजतो, बुडबुडे कुणाचे, सगळं विचारत सुटले. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, आधी बघ, मग विचार.

ललित उजवीकडे वल्हवतो, मीही हट्टाने उजवीकडेच. आम्ही गोल फिरतो. ‘ताई, तू शाळेत पण अशीच होतीस.’ — ‘आणि तू शाळेत पण मागेच!’ दुसऱ्या कयाकमधून वत्सलाबाई ओरडल्या, ‘तुमी दोगा असा भांडत रवलास तर मासोसुद्धा येवचो नाय!’

१२ डिसेंबर

नाही. फक्त चिखलात पावलं. बोटं मोजली. पाच.

१३ डिसेंबर

दिसलं!!

उतरत्या पाण्यात, दहा हातांवर. आधी एक, मग तीन. चपटं डोकं, पांढुरक्या मिशा. खेकडा फोडल्याचा आवाज आला. एकाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं — मान कसली! डोक्याइतकीच जाड, खांद्यापर्यंत सरळ.

मागून ललितचा आवाज, अगदी बारीक. ‘ताई.’ मग, ‘तेव्हा मीही पाहिलं होतं गं. हेच. अश्शाच मिशा. बाबांच्या भीतीने खोटं बोललो. तुला बाकावर उभं केलं ना... मला माफ कर.’

वळता येईना, कयाक उलटली असती. हात मागे केला. त्याने धरला. किती वर्षांनी!

१४ डिसेंबर

शेवटची फेरी. पाणमांजर आलं नाही, पण खाडीच्या मधोमध काहीतरी पोहत होतं. अंग सगळं पाण्याखाली. वर फक्त काळं डोकं आणि काठीसारखी मान. बुडालं. लांब जाऊन वर आलं, तोंडात मासा.

मी वल्हं थांबवलं. मान तर माझ्या वहीतलीच!

‘हे काय?’ असं वत्सलाबाईंना विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, ‘पाणकावळो तो. बघतास काय इतक्या!’

ललित मागे मोबाइलमध्ये कालचे फोटो बघत होता. त्याने वर पाहिलं नाही.

१७ डिसेंबर, नाशिक

डोहातही पाणकावळाच होता, मिशा नव्हत्याच. चित्रातल्या मी पुस्तकात बघून काढल्या होत्या. म्हणजे आठ वर्षांचा ललित खरं बोलला होता. खोटं बोलला तो त्या दिवशी, खाडीत. माझ्यासाठी.

आज जेवायला आला तेव्हा वही पुढे ठेवली. म्हटलं, इथे सही कर, बाबांची राहिली होती. हसत हसत केली. वरचा शेरा बरोबर होता हे मला कळलंय, ते सांगितलं नाही.