एकशे बारा प्रश्न आणि दोन हायब्रिड

४ जानेवारी
नवी गाडी घ्यायचं ठरलं. हायब्रिड. म्हणजे पेट्रोलही आणि बॅटरीही.
जुन्या गाडीपुढे आज मेकॅनिकने हात टेकले. म्हणाला, मास्तर, गावात फिरवा, पण चढाच्या रस्त्याला नेऊ नका. याला नव्या गाड्यांच्या शोरूमकडून काहीतरी मिळत असणार. तरी पण गाडीतून येणारा आवाज मलाही ऐकू येतो.
घाईचं कारण अक्का. हिची थोरली बहीण. एकट्या असतात. त्यांचं भाड्याचं घर फेब्रुवारीअखेर सोडायचंय, आणि पुढे त्या आमच्याकडेच राहणार. खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे बसची पायरी चढवत नाही. रस्ता पाच तासांचा, सगळा चढाचा. हिला शब्द दिला, वीस फेब्रुवारीच्या आत नवी गाडी दारात आणि आपण दोघं जाऊन अक्कांना घेऊन येऊ.
सात आठवडे आहेत. मला निर्णयाला चार दिवस पुरतात.

६ जानेवारी, संध्याकाळ
आमच्या गावात हायब्रिडची दोन शोरूम आहेत. समोरासमोर, मध्ये रस्ता. कंपन्या वेगळ्या, एकमेकींच्या कट्टर स्पर्धक.
आधी डावीकडच्या शोरूममध्ये. सेल्सच्या मुलीने दुपारी चार वाजता गुडमॉर्निंग म्हणून स्वागत केलं. तेव्हाच सावध झालो. या डायरीत तिचं नाव गुडमॉर्निंग असंच ठेवणार आहे.
पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, काका, खरं सांगू का, आमची ही आणि समोरची ती, दोन्ही एकाच कारखान्यात बनतात. आतून एकच गाडी आहे. नाव आणि पुढची जाळी तेवढी वेगळी. जी आवडेल ती घ्या.
आता, समोरच्या दुकानातला माल आमच्यासारखाच आहे असं कुठला दुकानदार सांगतो? मी एकतीस वर्षं परीक्षेत पर्यवेक्षक होतो. जो मुलगा आपणहून खिसे उलटे करून दाखवतो, त्याच्या मोज्यात चिठ्ठी असते.
एवढी गोड बोलली म्हणजे दोन गाड्यांत फार मोठा फरक असणार. तो मी शोधून काढणार.

७ जानेवारी
जाड रजिस्टर आणलं. डावं पान डावीकडच्या गाडीला, उजवं पान उजवीकडच्या. प्रत्येकी एकशे बारा प्रश्न. प्रत्येक उत्तराला मार्क.
हिला विचारलं, तुझा काही प्रश्न? म्हणाली, सीट जमिनीपासून किती उंच आहे? डॉक्टरांनी अक्काला सांगितलंय, गुडघ्याच्या खाली बसायचं नाही. बसली तर उठता येत नाही तिला.
समजावलं की गाडीच्या बाबतीत असे प्रश्न नसतात. टॉर्क, बॅटरीचं आयुष्य, पत्र्याची जाडी, असे असतात. तिला पटलं. चहा टाकायला उठली.

११ जानेवारी
उजवीकडचं शोरूम. सेल्समन टायवाला. टाय इतका आवळलेला की माणूस काहीतरी दाबून ठेवतोय हे उघड दिसतं.
बॅटरी चार्ज कशी होते, हा प्रश्न क्रमांक सात. उत्तर: गाडी चालताना आपोआप होते काका, प्लग लागत नाही. गुडमॉर्निंगचंही उत्तर हेच. शब्दाला शब्द. 'काका'सकट.
कान टवकारले. दोन उत्तरपत्रिका इतक्या जुळत नाहीत.
शिवाय बॅटरी आहे तर प्लग असणारच. लपवलाय. मी गाडीखाली झोपून पाहिलं. प्लग सापडला नाही. शर्ट कशात तरी अडकला. टायवाल्याने आणि वॉचमनने पाय धरून बाहेर ओढलं. मी अजिबात घाबरलो नव्हतो. खालून पत्रा तपासायला आयती संधी मिळाली.

१५ जानेवारी
डावीकडच्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह. मी चालवली, शेजारी गुडमॉर्निंग.
पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद पडलं! एकदम शांत. मी मान हलवली. ती म्हणे, बंद नाही पडलं काका, आता गाडी बॅटरीवर आहे, पाय उचलला की निघेल. बंद पडलेल्या गाडीला इतकं सुंदर नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. स्टार्टचं बटण दाबलं. मग गाडी खरोखरच बंद झाली. मागे हॉर्न. एका रिक्षावाल्याने माझ्या वयाचा उल्लेख केला.
मी परिस्थिती शांतपणे हाताळली. गुडमॉर्निंगने फक्त बटण दाबलं.
मार्क दिले नाहीत. निकाल राखून ठेवला.

१९ जानेवारी
गुडमॉर्निंगचा फोन. स्कीम आहे म्हणे, टेस्टची गाडी दोन दिवस घरी न्या, लांब फिरवून आणा, कंपनीचं माणूस सोबत येईल. साफ नाही म्हटलं. दोन दिवस गाडी दारात उभी राहिली की सवय लागते, आणि सवय लागली की माणूस सही करतो. असे गळ मला दिसतात.
फोन स्पीकरवर होता. ही मटार सोलत होती. मी नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. कौतुकाने असावं.

२४ जानेवारी
मी संशयी नाही. सावध आहे. हा फरक मेकॅनिकला, हिला, टायवाल्याला आणि मला शोरूमबाहेर उभा पाहिला की शटर अर्धं ओढणाऱ्या त्या वॉचमनला कधी कळणार?

२९ जानेवारी
पत्रा तपासायला लोहचुंबक नेला होता. दोन्ही गाड्यांना सारखाच चिकटला. दरवाजा बंद करण्याचा आवाज सारखा. काचेचं बटण त्याच जागी. डिकीतला दिवा त्याच कोपऱ्यात. आतापर्यंतची बेरीज: डावी ९४, उजवी ९४.
कुठेतरी पाणी मुरतंय.
हिने कपाट आवरायला काढलं. स्वतःचं ड्रायव्हिंग लायसन्स शोधत होती. सतरा वर्षांपूर्वी फाटकाच्या खांबाला गाडी घासली तेव्हापासून मीच तिला चालवू दिली नाही. कशाला हवंय विचारलं तर म्हणाली, मुदत संपली का बघते. संपली नव्हती; माझ्या लायसन्ससोबत तिचंही दर वेळी नूतनीकरण करून घेतो. बायकांना जुनी कागदपत्रं काढून बघायची आवडच असते.

२ फेब्रुवारी
ही म्हणाली, गाडी राहू दे, अक्काला आणायला टॅक्सी करू. मी म्हटलं, अनोळखी माणसाच्या हातात अक्का? पाच तास? शब्द दिलाय म्हणजे दिलाय.
अक्कांचाही फोन आला. मास्तर, सामान बांधायला घेऊ ना, असं विचारत होत्या. म्हटलं, खुशाल घ्या. आवाज थोडा बारीक वाटला त्यांचा. लाइन खराब असेल.

८ फेब्रुवारी, सकाळी ११
सापडलं!!
दोन्ही गाड्यांच्या माहितीपुस्तिका मिळवल्या (टायवाल्याने पुस्तिका देताना, घरीच वाचा काका, असं दोनदा सांगितलं). ओळ न ओळ ताडून पाहिली. दोन्हींत पान २१४ वर स्टेपनीचं चित्र उलटं छापलंय. दोन्हींत! बरोबर उत्तर दोघांचं सारखं असू शकतं. चूक सारखी असली की कॉपी. हे मी नव्या पर्यवेक्षकांना शिकवायचो.
म्हणजे एका कंपनीने दुसरीची अख्खी गाडी चोरली आहे आणि हे जगात फक्त मला ठाऊक आहे.
सविस्तर रिपोर्ट लिहायचा. दोन्ही शोरूमच्या मॅनेजरना एकेक प्रत. मग जी मूळ गाडी ठरेल ती घ्यायची.

१३ फेब्रुवारी
रिपोर्ट पान अठरा. ब्रोशर, फोटो, तक्ते चिकटवून रजिस्टर फुगलंय, आता मिटत नाही.
ही हल्ली रोज सकाळी तासभर फिरायला जाते. चेहरा टवटवीत दिसतो. मात्र भाजी निवडताना बसल्या बसल्या उजवा पाय सारखा दाबते आणि सोडते. संधिवाताची सुरुवात. यांच्या घराण्यातच आहे. गाडी आली की डॉक्टरकडे नेईन.

२० फेब्रुवारी
आज गाडी दारात यायची होती. आली नाही, कारण चोरीचा माल घरात आणणाऱ्यांतला मी नव्हे. वीस तारीख ही तशी अंदाजे होती.
हिला सांगायला शब्द जुळवून ठेवले होते. तिने विचारलंच नाही. नुसतं जेवायला वाढलं. समजूतदार आहे.

२२ फेब्रुवारी
ही अक्कांकडे गेली. म्हणाली, सामान बांधायला मदत करते, दोन दिवसांत येते. बसने जाणार असेल. छोटी बॅग आणि आमच्या दिवाणाची उशी घेतली. उशी कशाला विचारलं. म्हणाली, बसायला लागते. बसच्या सीट कडक असतात हे खरं.
कोपऱ्यापर्यंत जुन्या गाडीने सोडलं. पुढे येऊ नका म्हणाली, रिपोर्ट पूर्ण करा. पहिल्यांदाच माझ्या कामाची कदर झाली. वरण कुठे ठेवलंय ते सांगितलं.

२३ फेब्रुवारी, दुपार
रिपोर्ट घेऊन डावीकडच्या शोरूममध्ये. गुडमॉर्निंग जागेवर नाही. कुठे विचारलं तर कळलं, एका कस्टमर बाईंसोबत त्या दोन दिवसांच्या स्कीमवर गेलीये, लांब. म्हणजे कोणीतरी गळाला लागलं. बिचारी बाई. घरात कोणी विचार करणारा माणूस नसेल.
मॅनेजर साठीचा, चष्मा कपाळावर. अठरा पानं त्याने पूर्ण वाचली, हे मान्य करतो. मग ब्रोशर घेतलं, शेवटचं पान काढलं आणि बोट ठेवलं. दोन्ही कंपन्यांचा करार आहे, गाडी एकाच कारखान्यात बनते, दोन नावांनी विकली जाते. ठळक अक्षरात. हेच ब्रोशर माझ्या रजिस्टरमध्ये पान तीनवर आहे. शेवटचं पान डिंक लावून मीच चिकटवलं होतं.
तो म्हणाला, आमच्या मुलीने पहिल्या दिवशीच सांगितलं असेल ना?
मी म्हटलं, सांगितलं होतं.
तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. चहा मागवला. मी घेतला नाही. मग घेतला.
तसं पाहिलं तर माझं निदान बरोबरच निघालं. दोन्ही उत्तरपत्रिका एकच आहेत. प्रश्न फक्त एवढाच की आता निवडायचं कशातून? आणि आज तेवीस तारीख. विचारलं, गाडी कधी मिळेल. आज नोंदवली तर मेमध्ये.
घरी आलो. वरण गरम केलं नाही. अक्कांचं घर अठ्ठावीसला सुटणार.

२४ फेब्रुवारी, दुपारी ३
फाटकासमोर डावीकडच्या शोरूमची टेस्टची गाडी उभी! म्हणजे मॅनेजरने माणसं पाठवली. काल चहा पाजला, आज वसुली. मी वरच्या खिडकीच्या पडद्याआड. पडदा बोटभर बाजूला करून नंबर लिहून घेतला.
मागचं दार उघडून गुडमॉर्निंग उतरली. आता बेल वाजेल. उघडणार नाही.
ड्रायव्हरच्या बाजूने ही उतरली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
ही चालवत आली. पाच तास. येतानाचा अख्खा रस्ता. त्याआधी दहा-बारा दिवस गुडमॉर्निंगने तिला रोज सकाळी ऑटोमॅटिकची सवय करून दिली होती, मी रिपोर्ट लिहीत होतो तेव्हा.
अक्का पुढच्या सीटवर होत्या. हिने दार उघडलं, हात पुढे केला. अक्कांनी हात घेतला नाही. दोन्ही पाय बाहेर टाकले आणि उठून उभ्या राहिल्या. आमच्या उशीचीही गरज लागली नाही म्हणे, सीटच हवी तेवढी उंच होती.
माझ्याकडे मीटरपट्टी होती. डिकी मोजली, आरसे मोजले, पायपुसणीसुद्धा मोजली. सीटची उंची मोजली नाही.
हिने गाडीही नोंदवली आहे, स्वतःच्या नावावर. दोन्हींतली कुठली आणि कशी निवडली, विचारलं. म्हणाली, जिची टेस्टची गाडी बावीस तारखेला मोकळी होती ती.
मी म्हटलं, अगं, मला सांगायला काय झालं होतं? तर म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही माझाही रिपोर्ट लिहिला असता.
वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात एक चिठ्ठी सुटली नाही. ही पहिल्या बाकावर बसून, माझ्या समोर पाय दाबून, सराव करत होती. त्याहून वाईट याचं वाटलं की बारीक आवाज अक्कांच्या फोनचा नव्हता. अक्का घाबरल्या होत्या. आपल्याला न्यायला कोणी येणार की नाही, याला.

२५ फेब्रुवारी
अक्का म्हणाल्या, मास्तर, तुमच्यामुळे आमची धाकटी गाडी शिकली पुन्हा. चेष्टा करत होत्या की नाही, याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय.
सकाळी एक अडचण आली. आमच्या जेवणाच्या खुर्च्या अक्कांना ठेंगण्या पडतात. मी लगेच मीटरपट्टी काढली. अक्कांच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत, मग खुर्ची. दोन बोटं कमी. उशी ठेवून पाहिली, बसली की दबते. काहीतरी घट्ट, न दबणारं हवं होतं. ही घरभर नजर फिरवत होती. तिने काही म्हणायच्या आत मीच आत जाऊन रजिस्टर आणलं.
खुर्चीवर ठेवलं, वर चादरीची घडी. अक्का बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. कुणाचा हात न धरता.
उंची बरोबर आहे म्हणाल्या.