मिचियोच्या वाडग्याबद्दल

कानाझावा,
१८ नोव्हेंबर

प्रिय मिचियो,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकली असशील. सगळं ठीक आहे. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. इथं बर्फाच्या भारानं मोडू नयेत म्हणून पाइनच्या फांद्यांना दोर बांधून झाले. माझा गुडघा कुरकुरतो, तरी देवळाजवळचा जुन्या वस्तूंचा बाजार मी चुकवत नाही.

गेल्या महिन्यात तिथं मला एक काळा वाडगा मिळाला. जुनी लाकडी पेटी, त्यावर कुण्या चहागुरूची पुसट सही. तीनशे वर्षांपूर्वीचा, अशी माझी खात्री. चाळीस वर्षं वाडगे गोळा करते आहे, माझी नजर चुकेल कशी! रविवारी आपल्या जुन्या चहामंडळाला मुद्दाम बोलावलं. ओनोदेराबाईंनी आपल्या दिरांना आणलं. गेन्सुके त्यांचं नाव, वय ब्याऐंशी, जन्मभर कुंभारकाम केलेलं.

चहा पिऊन त्यांनी वाडगा उलटा केला, बुडावरून अंगठा फिरवला आणि खो खो हसायलाच लागले.

"सावाकोबाई, हा तीनशे वर्षांचा असेल तर माझं वय काय हो?"

"म्हणजे?"

"हा मी घडवलाय! आमची ही यात मुळ्याचं लोणचं ठेवायची. कुणी कुठल्या पेटीत घातला देव जाणे."

सगळ्या बायका खाली मान घालून चटईची वीण बघत होत्या. खांदे मात्र गदगदत होते. शेवटी मलाच हसू फुटलं. मग काय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. गेन्सुके म्हणाले, "चहा मात्र झकास लागतो यात," आणि आणखी वाडगाभर मागून घेतला.

हसता हसता मला तू दिसलीस. अकरा वर्षांपूर्वी त्याच खोलीत, याच बायकांसमोर, तुझ्या सासूबाईंनी दिलेला, हागी गावच्या नामांकित कुंभारांचा जुना वाडगा तू केवढ्या आनंदानं पुढं ठेवला होतास. आणि मी म्हणाले होते, "नक्कल आहे. बरी आहे."  वाडगा पुसलास, कापडात गुंडाळलास आणि मात्सुएला सासरी निघून गेलीस.

मिचियो, माझी नजर त्या दिवशी चुकली नव्हती. तो अस्सल होता. हातात घेताक्षणी मला कळलं होतं. मी उन्हातान्हात बाजार पालथे घातले, आणि तसला एकही माझ्या वाट्याला आला नाही. तुझ्या मांडीवर तो आयता येऊन बसला. मला सोसलं नाही, एवढंच.

रविवारी हे सगळं मी त्यांच्यासमोर सांगून टाकलं. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. ओनोदेराबाई म्हणाल्या, "आम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही कधी बोलताय, याचीच वाट बघत होतो."

म्हणजे तुलाही ठाऊक असणार. तरी तू कधी उलटून बोलली नाहीस. तेच मला जास्त लागतं.

एप्रिलमध्ये मी मात्सुएला येईन म्हणते. त्या वाडग्यातून चहा दे, असं म्हणायचं तोंड मला नाही. साध्या कपातून दे. दारातूनच परत पाठवलंस, तरी तुला बघून झालेलं असेल.

जाणूनबुजून खोटं बोललेली,
तुझी ताई
सावाको