बंद दाखवणारी पेटी

प्रिय स्नेहल,

तू फोन उचलत नाहीस, आणि आज सकाळी तुझ्या कंपनीचा माणूस विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणारी पेटी न्यायला दारात येऊन बसला होता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्याला चहा दिला. पेटी दिली नाही. का, ते नीट वाच.

आधी घरचं. भगवंत भाऊजी दवाखान्यातून घरी आले. उजव्या हाताची बोटं गेली, हे तुला कळलंच आहे. कोणी भेटायला आलं की ते गोठ्यात जाऊन बसतात. त्यांच्याहून जास्त काळजी मला आदेशची वाटते. तो आळेफाट्याला गॅरेजवर जात नाही, बापाच्या ताटाकडे बघून जेवत नाही. त्या दिवशी गॅरेजवर असताना लाइट आल्याचा मेसेज आला आणि त्याने रोजच्यासारखं मोबाइलवरून 'चालू' दाबलं, कारण कांद्याला पाणी द्यायचं होतं. नेमकं त्याच वेळी भाऊजींनी विहिरीवर पेटीचं दुरुस्तीचं बटण दाबलं, मोटर बंद असल्याचा लाल दिवा बघितला आणि मोटर-पंप जोडणाऱ्या कपलिंगची रबरं बदलायला हात घातला. मोटर फिरली. भाऊजी मला एवढंच म्हणाले, "वहिनी, म्या बंद दाबलं व्हतं. पेटीबी बंदच दावीत व्हती. मंगच हात घातला."

तुझ्या कंपनीचा माणूस मला मावशी मावशी करत होता. म्हणाला, काकांनी मेन स्विच पाडायला हवा होता. जुनी पेटी द्या, नव्या प्रोग्रामची लगेच बसवून देतो. मेन स्विच पाडायला हवा होता, हे खरंच आहे. पण पेटी बसवताना ह्यांच्याच माणसाने सांगितलं होतं की बटण दाबलं की दुसरं काही बघायला नको. पेटी येण्याआधी आपल्या सामाईक विहिरीवर कोणी मेन स्विचचं नाव काढत नव्हतं, आणि तरी कोणाला खरचटलं नाही. पंपाला हात लावणारा आपला टॉवेल स्टार्टरच्या दांड्याला अडकवायचा. ज्याचा टॉवेल, त्यानेच काढायचा. भांडण असलं तरी दुसरा त्याला शिवत नसे.

दिवाळीत तूच हे उदाहरण घेऊन मला तुझं काम समजावलंस. पेटीतल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्यात एकाच वस्तूवर दोघांनी एकदम हात टाकू नये म्हणून कुलूप घालायचं, तोच आपला टॉवेल. ओट्यावर बसलेल्या आदेशने तुला चिडवलं, "ताई, येवढं शिकून टॉवेलच लिहिती व्हय?" तूही हसलीस. तो गेल्यावर मात्र तुझा चेहरा उतरला. मी विचारलं तेव्हा सांगितलंस, की चालूचा हुकूम आला की कर्नल आधी दुरुस्ती चालली आहे का ते बघतो, मग व्होल्टेज स्थिर व्हायची वाट बघतो, मग मोटर लावतो. त्या वाट बघण्यात कोणी दुरुस्तीचं बटण दाबलं तर तो पुन्हा बघत नाही. दिवा बंद दाखवतो आणि मोटर सुटते. तुम्ही ह्याला रेस कंडिशन म्हणता. बघणं आणि लावणं एकाच कुलपात हवं, असं तू वरिष्ठांना सांगितलंस. त्यांनी तुझ्याकडून मधे आणखी एक छोटा थांबा लिहून घेतला. त्याने वेळा सरकल्या आणि टेस्टिंगमध्ये दोष पुन्हा दिसला नाही. "आई, तो थांबा दोष काढत नाही, झाकतो," एवढं बोललीस आणि बॅग भरायला उठलीस.

अपघातानंतर तुझा एकच मेसेज आला: पेटी त्यांना देऊन टाक, बाकी मी बघते. नवा प्रोग्राम घातला की आतली नोंद पुसली जाते, हेही तूच सांगितलं होतंस. मग तू बघणार काय? इथून येडगावपर्यंत किती विहिरींवर हीच पेटी आहे. लाल दिवा बघून आजही कोणीतरी हात घालत असेल.

तुला कशाची भीती वाटते ते मला कळतं. तो थांबा तुझ्या हातचा आहे. नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. तसं होणार नाही, असं मी म्हणणार नाही.

पेटी मी दुपारी भाऊजींच्या हातून विद्युत निरीक्षक कार्यालयाच्या साहेबांना दिली. ह्या दोषाची आधी कोणाला कल्पना होती का, असं त्यांनी विचारलं. सोमवारी सांगते, म्हटलं. सोमवारी ते भाऊजींचा जबाब घ्यायला येणार आहेत. त्याआधी तू ये. आधी भाऊजींसमोर आणि आदेशसमोर बस, मग साहेबांसमोर. तू आली नाहीस तर दिवाळीत जे ऐकलं ते मी सांगेन. पण आदेशला मी काहीच सांगितलेलं नाही. आपल्या बोटाने बापाचा हात गेला असं धरून तो बसला आहे, आणि ते तसं नाही, हे त्याला पटेल असं सांगू शकणारी ह्या घरात तू एकटीच आहेस. त्यासाठी पत्र लिहिलं.

रागावलेली, तरी तुझीच,
आई

सोबत पेटी दिल्याच्या नोंदीची नक्कल: मोटर चालू-बंद करणारी पेटी, नग एक. सील शाबूत. मेन स्विच पाडून, तारा कापून काढलेली. त्यानंतर चालू केलेली नाही. घेणार: विद्युत निरीक्षक कार्यालयाचे अधिकारी, सही आहे. देणार: भगवंत भाऊजी. सहीच्या जागी डावा अंगठा.