दसऱ्याची चिंधी

मिस्त्री, परवा माझ्या जावयांचा ट्रक सिमेंट भरून माळशेज घाट चढला आणि क्लच कुठेच घसरला नाही. लेकीचा फोन आला, "बाबा, वर पोचले. जळका वास नाही, काही नाही. चहा पीत बसलेत." मी फोन ठेवला आणि खिडकीपाशी येऊन बसलो. डोक्यावरची मोळी उतरली की मान कशी हलकी होते, तसं झालं. ही बातमी कुणाला सांगावी, तर तुम्हीच आठवलात. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, पण तुम्हाला एक सांगायचं माझ्याकडून राहिलंय. ते या ट्रकपायीच वर आलं, म्हणून आधी ट्रकचं सांगतो.

यंदा पावसाळ्याआधी जावयांचा पाय मोडला आणि ट्रक दोन महिने खडवलीला त्यांच्या भावाच्या वाडीत उभा राहिला. पाय बरा झाला, ट्रक बाहेर काढला, तर क्लच घसरायला लागला. रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी पुढे सरकायची नाही. शीळफाट्याच्या एका गॅरेजवाल्याने गियरबॉक्स उतरवला. इंजिनाच्या मागच्या, ऑईल अडवणाऱ्या सीलमधून ऑईल येऊन क्लचप्लेट अशी माखलेली, की जणू तुपात बुडवलेली पुरणपोळी. नवं सील बसलं, नवी प्लेट बसली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा नवं सील, पुन्हा नवी प्लेट. त्यानंतर घाटातल्या एका वळणावर क्लचने असा दगा दिला की भरलेली गाडी मागे सरकायला लागली. जावयांनी कशीबशी थांबवली आणि उतरून चाकांमागे दगड लावले. गॅरेजवाला म्हणाला, सील ज्यावर बसतं तो क्रँकच घासलाय, पुरं इंजिन खोलावं लागेल, त्यापेक्षा विकून मोकळे व्हा. लेक माझ्याकडे येऊन रडली. "बाबा, ट्रक विकला तर हे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जातील. आणि नाही विकला तर मी रोज घाटाकडे डोळे लावून बसू का? तुम्ही एकदा बघा ना."

माझे गुडघे आता गाडीखाली जायला नाही म्हणतात. तरी एका रविवारी सकाळी गेलो. क्लचच्या घराखालून ठिबकणारं ऑईल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. गियरचं ऑईल नाकाला झोंबतं, इंजिनाचं झोंबत नाही, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. हे इंजिनाचंच होतं. मग मी जावयांना गाडी चालू करायला लावली आणि ऑईल भरायचं झाकण उघडलं. कुकरची शिट्टी उचलावी तशी फुस्सकन वाफ तोंडावर आली.

"जावईबापू, गाडी बंद करा. खाली जा आणि ब्रीदर पाइप बघा."

"तो कशाला, मामा? गळतंय तर मागून."

"इंजिनाचं नाक आहे ते. आतली वाफ तिथून बाहेर पडते. त्याच्या तोंडात बोट घाला."

ते कुरकुरत खाली शिरले. थोड्या वेळाने आवाज आला, "अहो मामा, माती आहे इथे! दगडासारखी घट्ट!"

कुंभारीण माशीने घर बांधलं होतं. गाडी दोन महिने उभी, पाइप कोरडा, तिला आयती खोली मिळाली. नाक बंद झाल्यावर आतल्या वाफेने जायचं कुठे? ती सीलमधूनच ऑईल ढकलत होती. तिथे सोन्याचं सील बसवलं असतं तरी टिकलं नसतं.

जावई बाहेर आले, कपाळाला ऑईल, हातात मातीचं ढेकूळ, आणि विचारलं, "मामा, तुम्हाला कसं कळलं?" मला कसं कळलं ते, मिस्त्री, तुम्हालाही ठाऊक नाही.

तो एक दसरा आठवून बघा. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर बायकापोरांसकट रस्त्यावर आलेल्या मला तुम्ही शहाडच्या गॅरेजात ठेवून घेतलंत, त्यानंतरचा दुसरा. एका शेठच्या ट्रकला तुम्ही स्वतः सील बसवलं होतं, बाभळीच्या लाकडाच्या त्या गुटक्याने हलके हलके ठोकत, चारी बाजूंनी सारखं. ट्रक धुतला, झेंडूचं तोरण लावलं. तुमच्या स्वयंपाकघराचं दार गॅरेजातच उघडायचं. पुऱ्या तळता तळता वहिनी बाहेर आल्या, गाडीपुढे ठिपक्यांची रांगोळी काढून आत गेल्या. मी गाडी पूजेसाठी जरा पुढे घेतली, आणि बघतो तर ब्रीदर पाइपातून रांगोळीवर टिपटिप ऑईल. वहिनी झारा हातात घेऊन दारात.

"अहो, तुमची ही म्हैस माझ्या रांगोळीवर लाळ गाळतेय!"

तुम्ही हसून म्हणालात, "सणाचं जेवण दिसलं तिला. दुसरी काढ."

त्यांनी दुसरी काढली. ती तरी राहावी म्हणून मी हातातली चिंधी गोळा करून पाइपात कोंबली. पूजा झाली, नारळ फुटला, शेठ गाडी घेऊन गेला. चिंधी मी विसरलो.

आठव्या दिवशी ट्रक परत. क्लच गेलेला. शेठ सगळ्यांसमोर ओरडतोय, "मिस्त्री, हात गेला तुमचा! बसा आता घरी!" तुम्ही पाने-पक्कड काढायला आत गेलात, मी गाडीखाली वाकलो, आणि ती चिंधी माझ्याकडे बघत होती. मी ती ओढली आणि खिशात घातली. मिस्त्री, तुम्ही चुकला नव्हतात. बाहेर आल्यावर तुम्ही पहिला तो पाइपच बघितला, तोंड लावून फुंकलात. मग म्हणालात, "पाइप मोकळा आहे. म्हणजे सीलच वाकडं बसलं माझ्याकडून." मी तुमच्या शेजारी उकिडवा बसलो होतो, चिंधी मांडीला ओली लागत होती. काम जाईल या भीतीने माझी दातखीळ बसली.

त्या दिवसापासून तुम्ही सील बसवलं नाहीत. गुटका मला दिलात. "तू बसव. तुझा हात सरळ आहे." पुढे कल्याणात सील म्हटलं की लोक माझं नाव घ्यायचे, आणि तुम्ही कौतुकाने मान डोलवायचात. ते कौतुक मला काट्यासारखं रुतायचं, पण उपटून काढायची हिंमत झाली नाही.

त्या रविवारी मात्र जावयांना सगळं सांगितलं. त्या ढेकळासमोर खोटं बोलवेना. मला वाटलं, आता सासऱ्याची पत गेली. ते हात पुसत सहज म्हणाले, "म्हणजे मिस्त्रींचं सील बरोबर बसलं होतं की हो!"

एवढं एकच वाक्य इतकी वर्षं कुणी बोललं नव्हतं, कारण बोलू शकणारा मी एकटाच होतो. मी हात धुवायच्या निमित्ताने नळावर गेलो.

पाइप साफ केला, प्लेट जिथे टेकते ते फ्लायव्हील पेट्रोलने पुसलं, प्लेट नवी घातली. सील जावयांनी बसवलं, तुमच्याच गुटक्याने. मी नुसता शेजारी स्टुलावर. "सरळ आहे का, मामा?" असं दहादा विचारलं त्यांनी. आठ दिवस रिकामी गाडी फिरवली, रोज खालून बोट फिरवून बघितलं, कोरडं. मगच परवा घाट.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्ही नाही, वहिनीही नाहीत. गुटक्याच्या डब्यात ठेवून देतो. आणि एक राहिलं. त्या दिवशी रांगोळी वाचवली म्हणून वहिनींनी मला श्रीखंडाची दुसरी वाटी दिली होती. ती मी स्वतःहून, बक्षीस म्हणून मागितली होती.