मूळ अर्थ : बाई

४ एप्रिल

पुन्हा तेच. ‘‘आई, या वयात शोभतं का तुला?’’ शोभतं. चांगलं शोभतं. छपन्नाव्या वर्षी शोभायचं नाही तर काय मेल्यावर?

चिरंजीव चहा न घेताच कामावर गेले. जाताना आतल्या खोलीकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, ‘‘आजीला कळलं तर ती हाय खाईल.’’ सासूबाई आत खाटेवर बसून नखं कापत होत्या. मी आमच्या कोशाच्या कचेरीतल्या बाइंडरशी लग्न करणार हे सांगितल्यापासून या घरात कुजबुज चालते. कुजबुजणारे दोघंच, मी आणि माझा मुलगा. सासूबाईंना सांगायचं कोणी, यावर घोडं अडलंय.

६ एप्रिल

आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या नव्या आवृत्तीत माझ्या वाट्याला क्यू अक्षर आलंय. कोणाला नको असतं, म्हणून माझ्या गळ्यात. मला आवडतं ते.

आज एक शब्द हाती आला. उच्चार क्वीन, अगदी राणीसारखा. लिहिताना मात्र राणीच्या दुसऱ्या ‘ई’च्या जागी ‘ए’ : quean. आता इंग्रजी बोलणाऱ्यांनाही धड ठाऊक नसतो. आमच्या जुन्या आवृत्तीत अर्थ दिलाय : ‘कुलटा, उठवळ स्त्री.’ झालं, विषय संपला!

माझं डोकंच फिरलं. दुपारभर जुने कोश उपसले. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ काय? बाई. नुसती बाई. चांगली नाही, वाईट नाही. राणीचा शब्दही त्याच घराण्यातला, सख्खी बहीणच म्हणा. त्याचा अर्थ आधी स्त्री, बायको, आणि मग राजाची बायको. एक बहीण महालात गेली. दुसरी राहिली बाहेर, तर लोकांनी तिला नावं ठेवली. ती ठेवली कोणी, हे कुठल्याही कोशात सापडत नाही.

७ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत खाली बाइंडिंगच्या खोलीत गेले. बाइंडर पुठ्ठ्याला खळ लावत होते. सगळं सांगितलं — बहिणी, महाल, नावं ठेवणं. त्यांचा ब्रश थांबला. ‘‘मग खरा अर्थ छापा की,’’ म्हणाले.

एवढंच! हा माणूस मला का आवडतो ते कोणी विचारत नाही. विचारलं तर सांगेन. मी बोलत असताना तो घड्याळाकडे बघत नाही. बायको गेल्यावर स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो आणि त्याची फुशारकी मारत नाही. आणि दिसतोही छान. लिहून टाकलं. वही माझी आहे.

८ एप्रिल

चिरंजीवांशी जुंपली.

‘‘माझं लग्न ठरलंय. ते होईपर्यंत तरी थांब. मुलीकडचे काय म्हणतील?’’

म्हटलं, मग म्हणशील पोरं होईपर्यंत थांब. मग त्यांची शाळा. मग माझे गुडघे.

‘‘बाबा असते तर...’’

‘‘बाबा असते तर मी हे कशाला केलं असतं?’’

तो हसलाच जवळजवळ. मग त्याने हुकमाचं पान टाकलं. ‘‘आणि आजी? तिला कोण बघणार? का बाबांच्या आईला घेऊन नांदायला जाणार आहेस?’’

नवरा गेल्यापासून आम्ही दोघी एका खोलीत झोपतो. त्या घोरतात. ते घोरणं थांबलं की मला जाग येते. त्यांना इथे टाकून जाणं मला जमणार नाही. आणि त्यांच्यासाठी बाइंडरना नाही म्हणायचं? तेही जमणार नाही. जमवायचंही नाही मला.

९ एप्रिल

काही नाही. घरात भांडी आपटल्याचे आवाज. मीच आपटली.

११ एप्रिल, शनिवार

आमच्या कोशाच्या कचेरीत शनिवारी वाचन असतं. ज्याने नोंद लिहिली त्याने उभं राहून मोठ्याने वाचायची. आक्षेप घेणाऱ्यानेही उभंच राहायचं, बसून बोललेला आक्षेप धरत नाहीत. संपादकांची कंबर धरते, त्यामुळे त्यांचे आक्षेप एरवी बेताचेच असतात.

आज मात्र ते उठले! मी वाचलं : ‘एक, मूळ अर्थ बाई. दोन, स्कॉटिश बोलीत मुलगी. तीन, पुढे निंदेने, उठवळ स्त्री.’ आणि जोशात खाली जोडलं होतं की याच धातूवरून आपल्याकडे संस्कृत ‘जनि’ म्हणजे स्त्री, आणि ‘जननी’.

‘‘बाई, ‘जनि’ बरोबर. ‘जननी’ कुठून आणलीत? तिचा धातू वेगळा. जन्म देण्याचा. तोंडावळा सारखा दिसला की तुम्ही नातं जोडणार?’’

माझे कान तापले. कारण म्हातारा खरं बोलत होता. हे मला वीस वर्षांपूर्वीही ठाऊक होतं! पण त्या बाईला कोणीतरी प्रतिष्ठित नातेवाईक मिळवून द्यायच्या भरात मी आईलाच ओढून आणलं. जशी काही नुसती बाई असणं पुरेसं नाही.

‘‘जननी काढते,’’ म्हटलं. ‘‘बाकीचं काढणार नाही.’’

‘‘लोक कोश कशाला उघडतात? आज चालतो तो अर्थ बघायला. तो वर घ्या. आणि ते ‘निंदेने’ कशाला? अर्थ द्या, शेरे नकोत.’’

मी बसले नाही. म्हटलं, तो शेरा नाही, तोच अर्थ आहे. शब्द बिघडला नाही, वापरणाऱ्यांनी बिघडवला. इंग्रजीत घर चालवणाऱ्या बाईच्या ‘हाउसवाइफ’ या शब्दाचं झिजून झिजून ‘हसी’ झालं आणि अर्थ झाला निर्लज्ज बाई. आता घर सांभाळण्यात निर्लज्ज काय आहे? एकीला निंदा चिकटली असती तर म्हटलं असतं, असेल बुवा काहीतरी. इथे रांगच लागलीय. आपण हे सांगायचं नाही, तर मग आपला कोश म्हणजे नाक्यावरची पोरं.

संपादक कमरेवर हात दाबून उभे होते. शेवटी म्हणाले, ‘‘क्रम तुमचा राहू द्या. ‘निंदेने’ही राहू द्या. आणि आता बसा, म्हणजे मलाही बसता येईल.’’

११ एप्रिल, संध्याकाळ

घरी येताना वाटभर एकच डोक्यात. तिकडे छाती काढून उभी राहते, आणि घरात एका म्हातारीपासून तोंड चोरते. ती काय म्हणेल हे मुलगाच ठरवतो, मीही ठरवते. तिला कोणी विचारलंय?

चपला काढल्या आणि थेट आमच्या खोलीत सासूबाईंकडे गेले. खाटेसमोर उभी राहिले, शनिवारची सवय. सांगितलं. बाइंडर म्हणून आहेत, विधुर आहेत, त्यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न करणार. पुढच्या महिन्यात. तुम्हाला वाईट वाटलं तरी करणार. पण तुमच्यापासून लपवून नाही करणार.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

१२ एप्रिल

जेवल्या नाहीत. चिरंजीवांनी झाकलेलं ताट मला उचलून दाखवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तरी बेत तोच आहे. रडण्याचा आणि बेताचा काही संबंध नाही.

१३ एप्रिल

त्या जेवल्या, थोडंसं. माझ्याशी शब्द नाही. बाइंडर म्हणाले, ‘‘तुम्ही म्हणाल तर थांबू.’’ मी म्हटलं, तुम्हीसुद्धा सुरू करू नका.

१४ एप्रिल

सकाळी खडखड ऐकून उठले. सासूबाई खाटेखालून आपली ट्रंक ओढत होत्या. म्हटलं, काय हवंय, मी काढून देते.

‘‘त्या माणसाकडे संडास घरातच आहे ना?’’

आहे, म्हटलं.

चिरंजीव तोंडात ब्रश धरून दारात उभे. त्यांच्याकडे न बघता त्या मला म्हणाल्या, ‘‘मग खाट न्यायला माणूस बोलाव. दोन दिवस झाले, वाट बघतेय. ‘तुम्हीपण चला’ म्हणायला तुझी जीभ झडली होती का?’’