पिल्लानं केलं

अण्णा,

नातवानं पिल्लू आणलंय. केसाळ, ओंजळीत मावेल एवढं, नाक चेपलेलं. शित्झू म्हणतात त्या जातीला. ऐन डिसेंबरात आणलं, आणि यंदा दादरला थंडी पडलीय, म्हणजे आपल्या मुंबईच्या मानानं. पहाटे खिडक्या लावाव्या लागतात आणि सून घरात मोजे घालून हिंडते. पिल्लाला घरात घाण न करायला शिकवायचं कसं, यावर रोज चर्चा झडते. मुलगा फोनवर बघून एक सांगतो, सून तिच्या फोनवर बघून ते खोडून काढते, आणि तोवर पिल्लू सोफ्यामागे जाऊन आपलं काम उरकून येतं. मी थोडे दिवस ऐकून घेतलं. मग न राहवून म्हणाले, अरे, झोपेतून उठलं की उचलायचं, दूध प्यालं की उचलायचं, खेळून दमलं की उचलायचं, आणि रोज त्याच जागी, त्याच गोणपाटावर नेऊन ठेवायचं. तिघंही माझ्याकडे बघत राहिले. आजीला हे कसं माहीत, असं नातवानं विचारलं. माझ्या वडिलांनी एक पाळलं होतं, एवढंच मी सांगितलं. पुढचं त्याला सांगण्यासारखं नव्हतं, आणि तुम्हाला सांगायची गरज नाही, कारण तुम्ही होतातच तिथं. तरी आज तुम्हालाच लिहायला बसलेय.

आई गेली त्या पावसाळ्यानंतरची ती थंडी. मी नऊ वर्षांची होते, आणि आई गेल्यापासून झोपेत अंथरूण ओलं करायला लागले होते. तुमची थोरली बहीण, आमची आत्या, घर सांभाळायला पेणहून येऊन राहिली होती. एवढी घोडी झाली तरी, असं म्हणत ती माझी गोधडी मोरीत धुवायची, पण धुवायची दार लोटून. दुपारी पुरुषमंडळी कामावर आणि बायका जरा आडव्या झाल्या, की कोरड्या चादरीत गुंडाळून ती गोधडी गच्चीवर नेऊन वाळत टाकायची. चाळीत कळलं तर उद्या हिला कोण करून घेईल, हे तिचं म्हणणं. गिरगावातल्या त्या चाळीत एका खोलीत फोडणी दिली की चार खोल्यांत ठसका लागायचा, तिथं एक गोधडी लपवून ठेवणं सोपं नव्हतं. मला रागवायची ती, पण माझी लाज तिनं जपली, हे आता कळतं. तेव्हा मला फक्त तिची भीती वाटायची.

अशा घरात तुम्ही ते पिल्लू घेऊन आलात. फोर्टातल्या तुमच्या कचेरीतले साहेब कायमचे विलायतेला निघाले होते, त्यांच्या कुत्रीची ही शेवटची ठेव. लांबुळकं, तपकिरी, पाय असून नसल्यासारखे. चाललं की पोट फरशीला टेकायचं. त्या जातीला डॅशहुंड म्हणतात हे मला खूप उशिरा कळलं, चाळीत त्याला सगळे साहेबाचं कुत्रंच म्हणत. आत्यानं मोरीच्या उंबऱ्यावर उभं राहून निकाल दिला. रथसप्तमीपर्यंत, थंडी सरेपर्यंत, बाहेर जायला शिकलं तर राहील, नाही तर ज्याचं त्याला परत. साहेब तर बोटीत बसून गेलेला, परत कुणाला देणार होतात तुम्ही? पण तुम्ही कबूल केलंत. नाव मात्र ठेवू दिलं नाहीत. राहायचं ठरलं की बारसं करू, म्हणालात. म्हणून ते पिल्लूच राहिलं.

तेव्हापासून पहाटे तुम्ही दोघांनाही उठवायला लागलात. आधी मला, मग त्याला. मी डोळे चोळत गॅलरीच्या टोकाच्या संडासाला जायची, रांग लागायच्या आत. तोवर तुम्ही पिल्लाला आईनं विणलेल्या तुमच्या मरून मफलरमध्ये गुंडाळायचात, फक्त नाक बाहेर ठेवून. मग आपण खाली. चाळीच्या मागच्या गटाराशी तुम्ही गोणपाट अंथरायचात, कारण थंड दगडावर त्याचं पोट टेकलं की ते शहारून पुन्हा तुमच्या पायावर चढायचं. आणि मग उकिडवे बसून तुम्ही हळू आवाजात शूऽ शूऽ करायचात, बायका तान्ह्या मुलांना पायावर धरून करतात तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कोट घातलेला, कचेरीत इंग्रजी पत्रं लिहिणारा माझा बाप गटाराकडेला बसून कुत्र्याला शू शू करतोय. आणि नेमकी त्याच वेळी प्रभातफेरी निघायची. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत चाळीतले सगळे पुरुष बोळातून जायचे, शेजारचे मास्तर सगळ्यांच्या पुढे. एकदा ते थांबले, तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चालू द्या अण्णा. आधी मुंबई मिळते का तुमच्या पिल्लाची शू होते, बघू या." सगळे हसले. तुम्हीही हसलात. म्हणालात, "मास्तर, दोन्हीला दम धरावा लागतो."

मी हसले नाही. मी तुमच्यापासून चार हात दूर जाऊन उभी राहिले, तुमच्याबरोबर नसल्यासारखी. तुमच्या ते लक्षात आलं असणारच.

पिल्लू हुशार निघालं. संक्रांतीच्या सुमाराला ते पहाटे आपणहून दाराशी जाऊन बसायला लागलं. रात्रभर माझ्या पायथ्याशी झोपायचं आणि एक थेंब सांडायचं नाही. मी मात्र होते तिथंच. आत्याच्या हलव्याच्या कढईजवळ बसून मी मनात ठरवायची, की आज पाणी प्यायचं नाही, आज जागंच राहायचं. सकाळी व्हायचं ते व्हायचंच. चार पायांचं शिकलं आणि दोन पायांचं शिकेना, असं आत्या एकदा पुटपुटली. तुम्ही तिच्याकडे नुसतं बघितलंत, आणि ती पुन्हा तसं बोलली नाही.

मग संक्रांत उलटल्यावर ते दिवस आले. गोळीबार, संचारबंदी, बोळाच्या तोंडाशी पोलिस. लांबून आवाज यायचे, आणि ते फटाके नव्हेत हे लहान पोरांनाही कळत होतं. माणसं गेल्याच्या बातम्या गॅलरीतून खोल्याखोल्यांत पोचायच्या. मास्तर बोलेनासे झाले होते. खाली उतरायची सोय नाही, गच्चीला कुलूप. पहिल्या सकाळी पिल्लू दाराशी बसून कुईकुई करायला लागलं. तुम्ही ते गोणपाट आणून संडासाजवळ गॅलरीच्या कोपऱ्यात टाकलंत, पिल्लाला त्यावर ठेवलंत आणि शूऽ शूऽ केलंत. पिल्लानं गोणपाट हुंगलं, एकदा गोल फिरलं आणि नीट त्यावर बसून मोकळं झालं. मी दारातून बघत होते. तुमचा चेहरा इतका उजळला, की बारसं त्याच दिवशी होणार असं मला वाटलं.

पण आदल्याच रात्री त्या आवाजांनी मी गोधडी नेहमीपेक्षा जास्त भिजवली होती. आत्यानं ती धुतली, पण वाळत टाकायची कुठं? दुसरी गोधडी आधीची ओली. शेवटी तिनं ती गॅलरीच्या कठड्यावर टाकली. कुणीच कामावर गेलेलं नाही, सगळी चाळ गॅलरीत उभी. शेजारच्या काकूंनी, मास्तरांच्या बायकोनं, गोधडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ही भल्या सकाळी कुणी भिजवली, असं त्यांनी विचारलं. आवाजात दुष्टावा नव्हता, वेळ जात नव्हता म्हणून विचारलं असेल. आत्याचा हात कठड्यावर तसाच राहिला. मी खरं तेच सांगणार होते अण्णा, शप्पत. तोंड उघडलंही होतं.

"पिल्लानं केलं," तुम्ही म्हणालात. आणि माझ्याकडे न बघता, "तू आत जा. चहा निवतोय."

आत चहा निवत नव्हता, कारण दूधच आलं नव्हतं. पेलाभर शिल्लक होतं ते आत्यानं तुमच्यासाठी झाकून ठेवलं होतं. तुम्ही आत आलात, ते दूध बशीत ओतलंत आणि बशी पिल्लापुढे ठेवलीत. स्वतः कोरा चहा घेतलात. त्या सगळ्या दिवसांत हे असंच चाललं. माझी गोधडी ओली व्हायची, पिल्लाचं नाव लागायचं, आणि मग तुमच्या वाट्यातलं काहीतरी त्याच्या बशीत जायचं, दूध नाही तर भिजवलेली पोळी. माफी मागायची तुमची ती पद्धत होती, हे कळायला मला फार वर्षं लागली.

संचारबंदी उठली, पण गच्चीचं कुलूप तसंच होतं. रथसप्तमीला आत्यानं अंगणाऐवजी गॅलरीत गोवरीवर दूध उतू घालवलं आणि हात पुसत तुम्हाला म्हणाली, "तुझ्याच तोंडानं साऱ्या चाळीला सांगितलंस, शिकलं नाही म्हणून. आता ठेवलंस तर लोक काय समजतील?" तिला सगळं माहीत होतं, गोधड्या तीच धूत होती. माझ्यासाठीच बोलत होती ती. पिल्लू राहिलं, सगळ्यांदेखत नीट गोणपाटावर बसत राहिलं, आणि तरी गोधड्या गॅलरीत येतच राहिल्या, तर कुणीतरी एक दिवस नीट बघणार होतं. आणि पिल्लू गेल्यावरही आल्या तर? त्याचा विचार तुम्ही दोघांनी केला होता की नाही कोण जाणे. तुम्ही वाद घातला नाहीत. धोबीतलावाच्या एका पारशी बाईंनी पिल्लू मागितलं होतं, त्यांच्याकडे ते द्यायचं ठरलं.

निघताना तुम्ही त्याला मफलरमध्ये गुंडाळलंत, रोजच्यासारखं. त्याला वाटलं खाली गोणपाटाकडे न्यायचंय, म्हणून ते शहाण्यासारखं गप्प बसलं. जिन्याशी मी तुमचा कोट धरला आणि म्हटलं, "अण्णा, ते मी करत होते."

तुम्ही वाकलात. पिल्लाचं नाक आपल्या दोघांच्या मध्ये होतं. "मला माहीत आहे," म्हणालात. "पण पिल्लाला लाज वाटत नाही, बाळ. तुला वाटते."

तुम्ही परत आलात ते मफलरशिवाय. त्या बाईंकडे थंड लाद्या आहेत, राहू दे त्याला, एवढंच आत्याला सांगितलंत. गळ्याशी कोटाची कॉलर वर केलेली होती. आईच्या हातचं तेवढंच तुमच्या अंगावर उरलं होतं, तेही माझ्यापायी गेलं. माझं ते पुढे आपोआप थांबलं, उन्हाळ्यात, कसं ते कुणालाच कळलं नाही. तुम्ही हा विषय पुन्हा कधी काढला नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हाही नाही, आणि तुमच्या शेवटच्या आजारात मी तुमच्या चादरी बदलायची आणि तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवून पडायचात, तेव्हाही नाही. त्या वेळी मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी नुसती चादर ओढत राहिले.

आता इथलं. माझ्या पद्धतीनं पिल्लू आठवड्याभरातच शिकलं. बाल्कनीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकलंय, पहाटे मी त्याला शालीत गुंडाळून नेते आणि शूऽ शूऽ करते. नातू आतून हसतो, त्याचे मित्र आले असले की दुसरीकडे बघतो. बघू दे. पिल्लू दिवसभर माझ्याच पायात असतं, दुपारी माझ्या पलंगावर झोपतं. आई, तुम्ही त्याची शाळाच घेतलीत, असं सून सगळ्यांना सांगत असते, आणि मला ते आवडतं. या घरात अलीकडे मला विचारावं असं फारसं काही उरलेलं नाही.

काल सकाळी जाग आली तेव्हा अंथरूण ओलं होतं. थंडीनं असेल, वयानं असेल. मी उठून चादर काढेपर्यंत सून चहा घेऊन दारात उभी राहिली. पिल्लू तिच्या पायाशी होतं, शेपूट हलवत. तिनं काही विचारलंसुद्धा नाही अण्णा. मीच बोलले. तुमचेच शब्द तोंडून निघाले, जसेच्या तसे. तिनं माझ्याकडे बघितलं, पिल्लाकडे बघितलं, आणि हो आई, थंडी आहे ना, असं म्हणून चादर माझ्या हातातून हळूच घेतली. रात्री पिल्लू नातवाच्या खोलीत होतं, दार लावून. तिनंच लावलं होतं ते दार.

संध्याकाळी मुलानं पिल्लाला माझ्या खोलीत यायची बंदी केली. आईला त्रास नको, म्हणाला. सून काही बोलली नाही, मीही बोलले नाही. आत्ता ते दाराबाहेर बसलंय, फटीतून त्याचं नाक दिसतंय. त्यानं काहीच केलेलं नाही, आणि त्याला लाजही वाटत नाही, तुम्ही म्हणाला होतात तसं. हा कागद गादीखाली ठेवणार होते, पण गादी उद्या उन्हात टाकायची आहे. तेव्हा फाडूनच टाकीन.

आणखी एक. तुमचे शब्द मी घेतले, पण काल त्याला दूध दिलं नाही. बशी हातात घेतली होती. सून बघेल आणि समजेल, म्हणून परत ठेवली.